होमिओपॅथी दवाखान्यातील कामकाज (सांगली परिसर)

होमिओपॅथी डॉक्टरचा बराचसा दिवस ऐकण्यात, लिहिण्यात आणि गोळ्या भरण्यात जातो. सांगली, मिरज, तासगाव भागात असे दवाखाने बहुधा एकाच डॉक्टरचे असतात. बाहेर बाकावर रुग्ण, आत टेबल, मागे बाटल्यांचे कपाट. मदतीला कंपाउंडर असतोच असे नाही. ओपीडी सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत चालते. नवी, लांबणारी केस शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी बोलावतात.

असा दवाखाना चालवायला बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची साडेपाच वर्षांची पदवी (त्यात 1 वर्ष इंटर्नशिप) आणि राज्य परिषदेची नोंदणी लागते. महाराष्ट्रात 2014 च्या कायदेदुरुस्तीने औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्यांना मर्यादित ॲलोपॅथी औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. तो वाद दवाखान्याच्या दारापर्यंत आला आहे.

जुनाट आजाराची पहिली केस घ्यायला पाऊण ते एक तास जातो, पुढच्या खेपेला दहा मिनिटे पुरतात. ‘अंगावर पित्त उठतं’ एवढ्यावर औषध निवडता येत नाही. कधी उठते, गार पाण्याने वाढते की गरमाने, खाज आधी की गांधी आधी, तहान किती, झोप कशी, थंडी सोसते का, हे सगळे केसपेपरवर येते. केस बिघडते ती मुख्यतः सुचवणाऱ्या प्रश्नांनी. ‘राग येतो ना?’ म्हटले की जो तो हो म्हणतो, आणि त्या ‘हो’वर रेपर्टरीत (लक्षणांच्या सूचीत) शोधलेले औषध भलतेच निघते. ‘घरात कुणी उलट बोललं तर काय करता?’ असे विचारले तर खरे काय ते बाहेर पडते. सासू शेजारी बसली असेल तर सून पाळीचे आणि झोपेचे अर्धवटच सांगते. अशा वेळी सासूबाईंना पाच मिनिटे बाहेर बसवणे हाही केस घेण्याचाच भाग.

औषध भरण्याचे काम दिसायला सोपे, पण चुका इथेच जास्त. ड्रामच्या (छोट्या मापाच्या) बाटलीत साखरेच्या गोळ्या (लोकांच्या तोंडी ‘साबुदाण्याच्या गोळ्या’) तीन चतुर्थांश भरतात. वर औषधाचे काही थेंब टाकून बूच लावतात आणि सगळ्या गोळ्या ओलसर होईपर्यंत बाटली हलवतात. थेंब जास्त पडले तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, कमी पडले तर तळच्या कोरड्याच राहतात. औषध तीव्र अल्कोहोलमध्ये असते आणि त्यात साखर विरघळत नाही, म्हणून गोळीचा आकार टिकतो. अल्कोहोलमध्ये पाणी जास्त असेल तर गोळ्यांचा लगदा होतो. पावसाळ्यात सैल बुचाची बाटली दमट होऊन गोळ्यांचा गठ्ठा बनतो. पण सगळ्यात वाईट चूक लेबलची. सगळ्या गोळ्या पांढऱ्या आणि गोडच, वास-चवीवरून औषध ओळखता येत नाही. म्हणून लेबल आधी, भरणे नंतर. आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्यात घालायचा नाही.

बाटलीवरचा 30 हा आकडा, म्हणजे औषधाची पोटेन्सी, म्हणजे 1:100 प्रमाणात तीस वेळा केलेले विरलीकरण. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची शक्यता फारशी नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजारात नाही, असा निष्कर्ष काढला. रुग्ण येतात ते बहुधा ॲलर्जी, सांधेदुखी, मुलांची वारंवार होणारी सर्दी, त्वचारोग यांसाठी. पुष्कळांचा त्रास आपोआप कमी-जास्त होणारा असतो, म्हणून आराम पडला तरी तो गोळ्यांमुळेच पडला, असे छातीठोक म्हणता येत नाही.

कोणाला थांबवून घ्यायचे नाही, हे ओळखणे गोळ्या निवडण्याहून महत्त्वाचे. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या चालू होतात. फवारा मारून आलेल्याला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजून क्षणाचाही उशीर न करता रुग्णालयात पाठवायचे. मिरजेचे शासकीय रुग्णालय जवळ आहे, त्यामुळे सबब चालत नाही. सर्पदंश, छातीत दुखणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, शोष पडलेले बाळ, यांनाही हाच नियम. इन्सुलिन, बीपी, थायरॉईड आणि फिटच्या गोळ्या होमिओपॅथी चालू आहे म्हणून बंद करायला सांगणे तर गुन्ह्याइतके वाईट. रुग्ण स्वतःहून बंद करतात, म्हणून प्रत्येक खेपेला विचारावेच लागते.

‘कांदा-लसूण चालतं का?’ हा प्रश्न रोज येतो. कॉफी, कापूर वर्ज्य करण्याची रूढी आहे. कडक पथ्यावर सगळ्या डॉक्टरांचे एकमत नाही. गोळ्या हातात न घेता झाकणात काढून जिभेवर ठेवाव्यात, खाण्यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, एवढे बहुतेक सगळे सांगतात.

कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजूर येतात. फड संपला की ते पुढे निघतात, पंधरा दिवसांनी परत येतील याची खात्री नसते. कित्येक डॉक्टर औषधाचे नाव रुग्णाला सांगत नाहीत, पुडीवर नुसता आकडा घालतात. मग पुढच्या गावच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. निदान या रुग्णांच्या हाती औषधाचे नाव, पोटेन्सी आणि तारीख लिहिलेला कागद द्यावाच.