कुऱ्हाडीचा दांडा आणि चौघांचा स्क्वॉड

"कोण फोडला बे लोकेशन?"

मागच्या गल्लीत यंत्रमाग धडधडत होते, तरी भाच्याचा आवाज माळ्यावरून खाली ऐकू आला. सोलापूरच्या पूर्व भागातली ही चार पोरं. बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात कस्टम रूम, म्हणजे आपल्यापुरता खासगी सामना, लावून गल्ली विरुद्ध गल्ली खेळत होती. ज्या घरात लपावं, त्याच घरावर समोरचा स्क्वॉड सरळ चालून यायचा. पहिल्या मॅचला त्यांनी नशिबाला बोल लावला, दुसऱ्या मॅचला नेटला. तिसऱ्या मॅचनंतर चौघांनी मोबाइल खाली ठेवले आणि एकमेकांकडे बघितलं. आपल्यातलाच कुणी दुसऱ्या फोनवरून जागा सांगतोय का? ते आजवर कळलेलं नाही. स्क्वॉड मात्र त्याच रात्री फुटला. "हरलो त्याचं काय नाही मामा," भाचा म्हणाला, "आता कुणासोबत खेळू?"

या प्रश्नाने मला वाचायला बसवलं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. ऑनलाइन खेळांत याचं सर्वांत मोठं उदाहरण 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये घडलं. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा हा अंतराळयुद्धाचा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात हजारो खेळाडू संघ बांधतात, प्रदेश जिंकतात आणि वर्षानुवर्षं राखतात. 'बँड ऑफ ब्रदर्स' ही त्यातली बलाढ्य आघाडी. फेब्रुवारी २००९ मध्ये तिचा एक संचालक शत्रूला, म्हणजे 'गूनस्वॉर्म'ला जाऊन मिळाला आणि हाती असलेले अधिकार वापरून त्याने अख्खी आघाडीच बरखास्त केली. एक तोफ डागावी लागली नाही. आघाडीच्या नावावर असलेल्या प्रदेशांवरचा हक्क गेला आणि ते नावसुद्धा शत्रूने घेऊन टाकलं. खेळाच्या नियमांत हे बसत होतं, म्हणून कंपनीनेही ते उलटवलं नाही.

तो माणूस मोठा लढवय्या होता म्हणून हे घडलं नाही. एकट्याच्या बोटाखाली एवढं मोठं बटण ठेवलेलं होतं, म्हणून घडलं.

मग पोरांनी भांडून, मतं घेऊन गद्दार हुडकला असता तर? 'माफिया' नावाच्या बैठ्या खेळात हेच करतात. १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोव्ह यांनी तो रचला. 'अमंग अस' हा त्याचाच मोबाइलवरचा वंशज. लपलेले गद्दार, म्हणजे माफिया, एकमेकांना ओळखतात, बाकीचे कुणालाच ओळखत नाहीत. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या संशोधकांनी यावर शोधनिबंध लिहिला. इतरांची खरी ओळख तपासू शकणारा गुप्तहेर खेळात नसेल, तर बरोबरीची लढत द्यायला माफियांची संख्या गटाच्या वर्गमुळाच्या मापाची असली की पुरते. म्हणजे गट चौपट मोठा झाला तरी गद्दार फक्त दुप्पट लागतात. गर्दी वाढली म्हणून गट सुरक्षित होत नाही, कारण माहिती मोजक्यांकडे असते आणि बाकीचे अंधारात मतं देत असतात.

मला खरा दिलासा दिला तो संगणकशास्त्रातल्या एका जुन्या कोड्याने. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी 'बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न' मांडला. तो मी भाच्याला त्याच्याच भाषेत सांगितला. समजा, तुम्ही तिघंच आहात. लीडर तुला म्हणतो, "रश कर," म्हणजे चालून जा. दुसरा तुला सांगतो, "मला तर तो थांब म्हणाला." आता खोटं कोण बोलतंय? लीडरने दोघांना वेगवेगळं सांगितलं असेल किंवा हा दुसरा थाप मारत असेल. तुला दोन्हीकडून ऐकू येतं ते सारखंच, त्यामुळे कितीही डोकं चालवलं तरी उत्तर निघत नाही.

आता चौथा आण. लीडर तिघांना हुकूम देतो, प्रत्येक जण आपण ऐकलेलं इतर दोघांना सांगतो आणि तीन उत्तरांतलं जास्त वेळा आलेलं धरतो. तिघांतला एक खोटारडा असेल, तर उरलेल्या दोघांकडे दोन खरी आणि एकच खोटी बातमी येते. लीडरच खोटारडा असेल, तर तिघांसमोर तीच तीन उत्तरं असतात, म्हणून तिघं एकच निर्णय घेतात. एका गद्दारासाठी चार माणसं, दोघांसाठी सात, तिघांसाठी दहा.

यात गद्दार कोण हे कळावंच लागत नाही! तो बसलेला असतानाही बाकीचे एकदिलाने वागू शकतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपली सगळी ताकद 'तो कोण' यातच जाते. आपल्यातला वाईट माणूस आपल्याला परक्या वाईट माणसापेक्षा जास्त खुपतो, हे मार्केस, इझरबिट आणि लेयन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं. राग तिथे धावतो आणि निरपराधही भाजले जातात.

जागा फोडण्यावर मात्र हा तोडगा चालत नाही, कारण तिथे कुणी खोटं बोलत नाही, खरी बातमीच बाहेर जाते. तिथे दुसरा उपाय लागतो. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर यांनी संगणकाच्या सुरक्षेसाठी लिहून ठेवलं, की प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा आणि जमेल तिथे कुलपाला दोन किल्ल्या ठेवाव्यात. माझ्या आत्याने आयुष्यभर विड्या वळल्या. तिच्या बचत गटाच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव, दोघींच्या सह्या लागायच्या. "विश्वास नाही होय गं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "हाय की. तो टिकावा म्हणूनच दोन सह्या."

भाचा परवापासून पुन्हा माळ्यावर बसतोय. जुन्यांपैकी दोघं परत आलेत, चौथा शेजारच्या गल्लीतला. कुठे उतरायचं ते आता आधी ठरवत नाहीत, विमानातून उडी मारतानाच सांगतात. लीडर काही बोलला, की पाठोपाठ तिघांचे आवाज येतात, "काय ऐकलास बे? सांग परत."