यादवी युद्ध रणभूमी सुवर्णनाणे (अमेरिका, १९९५)

अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१–६५) रणभूमींच्या जतनासाठी निधी उभारावा, या हेतूने अमेरिकेच्या टाकसाळीने १९९५ साली काढलेले पाच डॉलर दर्शनी मूल्याचे स्मारक नाणे. त्याच मालिकेत एक डॉलरचे चांदीचे आणि अर्ध्या डॉलरचे तांबे-निकेलचे नाणेही होते. बहुतेक स्मारक नाणी एखाद्या व्यक्तीची, वास्तूची किंवा वर्धापनदिनाची आठवण म्हणून काढली जातात. या नाण्याने मात्र जमिनीचा गौरव केला आणि ती जमीन विकत घेण्यासाठी पैसाही उभा केला, हे त्याचे खरे वेगळेपण होय.

रणभूमी हेच स्मारक मानण्याची परंपरा अमेरिकेत युद्ध चालू असतानाच सुरू झाली. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत घनघोर लढाई झाली. पुढच्याच वर्षी स्थानिक नागरिकांनी रणभूमीची जमीन राखण्यासाठी एक संस्था स्थापन केली. १८९० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने चिकमॉगा-चॅटनुगा, अँटिएटम, शायलो, गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग या रणभूमी आपल्या संरक्षणाखाली घेतल्या. गेटिसबर्गच्या रणभूमीतून विजेची ट्राम नेणाऱ्या कंपनीशी सरकारचा वाद झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली असा निर्णय दिला की रणभूमीचे जतन हे सार्वजनिक हिताचेच काम असून त्यासाठी सरकारला सक्तीने जमीन संपादित करता येते. अमेरिकेतील वारसा-जतनाच्या इतिहासात या निकालाचे मोल फार मोठे आहे. १९३३ साली या सर्व रणभूमी युद्धखात्याकडून राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आल्या.

सरकारी हद्दीबाहेर राहिलेल्या जमिनीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. शहरांचा विस्तार होऊ लागला, तसतशी व्हर्जिनियातील शेते, टेकड्या आणि गाडीवाटा रस्त्यांखाली आणि वसाहतींखाली जाऊ लागल्या. १९८८ साली व्हर्जिनियातीलच मनॅसस या रणभूमीला लागून मोठे व्यापारी संकुल उभे राहण्याच्या बेतात असताना काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) स्वतंत्र कायदा करून ती जमीन ताब्यात घेतली. या प्रकरणाने जाग आलेल्या काँग्रेसने १९९० साली यादवी युद्धाच्या स्थळांचा आढावा घेण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९९३ साली आला. युद्धातील सुमारे १०,५०० लहानमोठ्या चकमकींमधून त्याने ३८४ लढायांची स्थळे महत्त्वाची ठरवली. त्यांपैकी ७१ स्थळे पूर्णपणे नष्ट झालेली किंवा सावरता येणार नाहीत इतकी तुटलेली होती. त्याच वर्षी डिस्ने कंपनीने मनॅससपासून जवळच इतिहासावर आधारित करमणूक उद्यानाची योजना जाहीर केली आणि तीव्र विरोधानंतर सप्टेंबर १९९४ मध्ये ती मागे घेतली.

नाण्याचा कायदा आयोगाचे काम चालू असतानाच, ऑक्टोबर १९९२ मध्ये, मंजूर झाला. त्यानुसार सोन्याची जास्तीत जास्त तीन लाख, चांदीची दहा लाख आणि अर्ध्या डॉलरची वीस लाख नाणी पाडण्याची मुभा होती. प्रत्येक नाण्याच्या विक्रीकिमतीत अधिभार धरलेला होता : सोन्याच्या नाण्यावर ३५, चांदीच्या नाण्यावर ७ आणि अर्ध्या डॉलरवर २ डॉलर. ही रक्कम रणभूमी-जतनासाठी स्थापन झालेल्या खाजगी प्रतिष्ठानाकडे जायची आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या रणभूमींच्या जतनासाठीच वापरली जायची होती.

सुवर्णनाण्याचे वजन ८.३५९ ग्रॅम, व्यास २१.५९ मिलिमीटर आणि सोन्याची शुद्धता ९० टक्के आहे. म्हणजे त्यात शुद्ध सोने साडेसात ग्रॅमच्या आसपास, जुन्या मापाने पाऊण तोळ्याहूनही कमी भरते. हे प्रमाण एकोणिसाव्या शतकातील पाच डॉलरच्या चलनी सुवर्णनाण्याचेच आहे. ते नाणे १९२९ पर्यंत पाडले जात होते. १९३३ नंतर अमेरिकेत सोने चलनातून बाद झाले आणि स्मारक सुवर्णनाण्यांना पुन्हा सुरुवात झाली ती १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने. त्यामुळे १९९५ च्या या नाण्यावरील ‘पाच डॉलर’ हा आकडा परंपरेपुरताच आहे, कारण त्यातील सोन्याचीच किंमत त्याच्या कितीतरी पट होती.

पुढील बाजूवर घोड्यावर बसून बिगूल फुंकणारा स्वार आहे. हे चित्र यादवी युद्धाची दृश्ये रंगवणारे नामवंत चित्रकार डॉन ट्रॉयानी यांचे. मालिकेतील तिन्ही नाण्यांच्या पुढील बाजू त्यांनीच रेखाटल्या. मागील बाजू टाकसाळीतील शिल्पकार आल्फ्रेड मॅलेत्स्की यांची असून तिच्यावर ढालीसह गरुड आणि ‘आपण रक्षण करू या, जतन करू या’ या अर्थाचे इंग्रजी वचन कोरलेली फीत आहे. सेनापती न निवडता अनाम बिगूलवाला निवडला, हे कल्पकतेचे लक्षण मानावे लागेल. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही सैन्यांत पहाटे उठवण्यापासून चढाईपर्यंतचे हुकूम बिगुलावरून दिले जात, त्यामुळे हा स्वार कोणत्याही एका बाजूचा राहत नाही. चांदीच्या डॉलरवर जखमी शत्रूला पाणी पाजणारा सैनिक आहे, तर अर्ध्या डॉलरवर नगारा वाजवणारा मुलगा. तिन्ही चित्रांत विजयोत्सवाचा लवलेशही नाही.

सुवर्णनाणी न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीत पाडण्यात आली. त्यांवर त्या टाकसाळीचे ‘डब्ल्यू’ हे चिन्ह आहे. खास आरशासारखी चकाकी असलेली प्रूफ नाणी ५५,२४६ आणि साध्या झळाळीची १२,७३५, अशी एकूण ६७,९८१ नाणी विकली गेली. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेचा हा चौथा हिस्साही नव्हे. त्याचे एक कारण उघड आहे. अटलांटा ऑलिंपिकसाठी १९९५ आणि १९९६ मिळून सोळा वेगवेगळी नाणी बाजारात आली आणि संग्राहकांची ऐपत व उत्साह या दोहोंवर ताण पडला. सोन्याच्या नाण्यांतून अधिभारापोटी सुमारे २४ लाख डॉलर जमले. त्याच मालिकेतील चांदीचा डॉलर स्वस्त होता, तरी सुमारे ४ लाख ८३ हजार नाणी खपल्याने त्यातून जवळजवळ ३४ लाख डॉलर उभे राहिले. म्हणजे जमिनी राखण्याच्या कामात बेताच्या ऐपतीच्या संग्राहकांचा वाटाच मोठा ठरला.

रणभूमीच्या नावे नाणी काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत याआधीही झाला होता. गेटिसबर्गच्या १९३८ मध्ये येणाऱ्या ७५ व्या स्मृतिवर्षासाठी १९३६ साल कोरलेला आणि अँटिएटमसाठी १९३७ साल कोरलेला, असे चांदीचे दोन अर्धे डॉलर निघाले. प्रत्येकी सुमारे ५० हजार पाडले गेले आणि न खपलेले हजारो वितळवावे लागले. १९९५ ची नाणी या दोघांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडली, कारण त्यांचा पैसा समारंभावर खर्च न होता जमिनीकडे वळला.

स्मारक नाण्यांच्या या गर्दीची दखल घेऊन काँग्रेसने १९९६ साली नियम कडक केले. १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक नाणे-योजना ठेवण्यात आल्या, आणि अधिभार मिळवणाऱ्या संस्थेने तेवढीच रक्कम खाजगी देणग्यांतून उभी केली पाहिजे अशी अट घालण्यात आली. ज्या प्रतिष्ठानाला या नाण्यांचा निधी मिळाला ते १९९९ साली दुसऱ्या जतन-संस्थेत विलीन झाले. तिचाच वारसा आज ‘अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट’ चालवत असून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धाच्या रणभूमीही तिने आपल्या कक्षेत घेतल्या आहेत.