गुणांकन, शर्यतीच्या घोड्याचे

सपाट, म्हणजे अडथळ्यांविना होणाऱ्या मोठ्या शर्यतीनंतर अव्वल घोड्याने त्या दिवशी दाखवलेली कुवत आकड्यात मांडण्याची पद्धत. आकडा पौंडांत असतो. १३० गुणांच्या घोड्याने १२० गुणांच्या घोड्यापेक्षा दहा पौंड जास्त वजन पाठीवर घेतले, तर दोघे एकदम विनिंग पोस्ट ओलांडतील, एवढाच त्याचा अर्थ. जिंकणे-हरणे नोंदवहीत लगेच उतरते. हा आकडा मात्र अनुमान असतो आणि मागाहून बदलू शकतो.

वजन चढवून घोडे सम करण्याच्या कल्पनेचा, म्हणजे हँडिकॅपचा, उगम वादग्रस्त आहे. हँडिकॅप हा शब्द ‘टोपीत हात’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगातून आला, याविषयी फारसा मतभेद नाही. मूळ खेळ वस्तूंच्या अदलाबदलीचा होता. दोघे आपापली वस्तू पुढे करीत, तिसरा त्यांच्या मोलातला फरक ठरवी आणि तो मान्य की अमान्य हे टोपीत हात घालून दाखवले जाई. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत १८ सप्टेंबर १६६० रोजी या खेळाचा उल्लेख आहे आणि आपल्याला तो नवा असल्याचे त्याने लिहिले आहे. तिसऱ्याने फरक ठरवण्याची ही रीत अठराव्या शतकात दोन घोड्यांच्या पैजेत आली. तिथे पंच पैशांऐवजी वजन ठरवू लागला. याच काळात उंचीवरून वजन ठरवण्याचीही पद्धत होती : चौदा ‘हँड’ (एक हँड म्हणजे चार इंच) उंचीच्या घोड्याला नऊ स्टोन (एक स्टोन म्हणजे चौदा पौंड) आणि वर प्रत्येक इंचाला सात पौंड. आधुनिक हँडिकॅपचा वंश या उंचीच्या पद्धतीपासून काही जण जोडतात. तो जोडणे कठीण आहे, कारण उंची मोजणारा घोड्याचे शरीर मोजतो आणि पंच त्याची धाव तोलतो. पहिली महत्त्वाची सार्वजनिक हँडिकॅप शर्यत म्हणून अ‍ॅस्कटच्या १७९१ मधील ओटलँड्स स्टेक्सकडे सामान्यतः बोट दाखवले जाते. त्याआधीच्या लहानसहान शर्यतींचे दावेही आहेत.

वयानुसार वजनाचा तक्ता अ‍ॅडमिरल हेन्री रूस (१७९५–१८७७) याच्या नावावर आहे. काळ १८५० च्या आसपासचा धरतात. वयाप्रमाणे वजन ठरवलेल्या शर्यती त्यापूर्वीही होत असल्याने रूसला जनक म्हणण्यापेक्षा व्यवस्थापक म्हणणे अधिक योग्य वाटते. तीन वर्षांचा घोडा प्रौढापेक्षा किती कच्चा, हे महिना व अंतर या दोन्हींवर अवलंबून असते आणि शरदात तो फरक घटतो, हे त्याने कोष्टकात बसवले. हे कोष्टक अढळ नाही. पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर ऑक्टोबरच्या आरंभी २,४०० मीटरची ‘प्री द लार्क द त्रिओंफ’, थोडक्यात आर्क, ही शर्यत होते. तिच्यात प्रौढ घोड्याला ५९.५ किलो आणि तीन वर्षांच्याला ५६.५ किलो वजन असते. पूर्वी लहानाला ५६ असे. अर्ध्या किलोचा हा फरक किरकोळ वाटला, तरी जुन्या आणि नव्या विजेत्यांची तुलना करताना तो हिशेबात घ्यावाच लागतो. घोडीला दीड किलोची सवलत वेगळी.

अंतराचे पौंडांत रूपांतर हा पुढचा टप्पा. लेंग्थ म्हणजे घोड्याची नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, साधारण अडीच मीटरच्या आतली. पाच फर्लाँगांत (आठ फर्लाँगांचा एक मैल) एक लेंग्थ सुमारे तीन पौंडांची धरतात, मैलाला दोनची, दीड मैलाला दीडची आणि दोन मैलांच्या पुढे एकाची. अंतर वाढते तसा तोच फरक स्वस्त होत जातो.

यानंतरचा प्रश्न : आकडे बांधायचे कुणाच्या आधारावर? विजेत्यावरून सुरुवात केली तर आपण आधीच गृहीत धरलेलेच सिद्ध होते. म्हणून कसलेला हँडिकॅपर, म्हणजे आकडे ठरवणारा, आधी तिसरा, चौथा, पाचवा घोडा पाहतो आणि त्यांतला जो हंगामभर एकाच पातळीवर धावला असेल त्याला मापदंड मानतो. त्याच शर्यतीच्या गेल्या काही वर्षांच्या विजेत्यांची सरासरी पडताळणीसाठी वापरतात. तिच्यावर जास्त भिस्त ठेवली तर असामान्य घोडाही सरासरीकडे ओढला जातो.

या पद्धतीचे बळ १९६५ च्या आर्कमध्ये स्पष्ट दिसते. वीस घोड्यांच्या त्या शर्यतीत सी बर्ड अखेरच्या टप्प्यात डावीकडे सरकत गेला, तरी सहा लेंग्थने जिंकला. दुसरा आलेला रिलायन्स तोवर अपराजित होता. फ्रेंच डर्बी आणि पॅरिसची ग्रां प्री त्याच्या खात्यात होती. त्याच्या मागे पाच लेंग्थवर डायाटोम. दीड मैलाच्या भावाने सहा लेंग्थ म्हणजे नऊ पौंड, तेही आयुष्यात न हरलेल्या घोड्यावर. तरी त्या संध्याकाळी कुणी म्हणू शकले असते की रिलायन्सचा दिवस वाईट होता. उत्तर पुढच्या महिन्यात अमेरिकेत मिळाले. डायाटोमने वॉशिंग्टन इंटरनॅशनल जिंकली आणि आर्कमध्ये त्याच्या पुढे आलेल्या दोघांचे आकडे पक्के झाले. त्याच वर्षी एप्सम डर्बीत सी बर्डने मेडो कोर्टला रमतगमत दोन लेंग्थने हरवले होते. मेडो कोर्टने नंतर आयरिश डर्बी आणि किंग जॉर्ज या शर्यती जिंकून तो विजय किती मोलाचा होता हे दाखवले. टाइमफॉर्म या गुणांकन करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने सी बर्डला १४५ गुण दिले. कित्येक दशके त्यावर कुणी गेले नाही.

ती मर्यादा २०१२ मध्ये फ्रँकेलने १४७ गुणांनी ओलांडली. चौदा शर्यती, चौदा विजय एवढा त्याचा लेखाजोखा सर्वज्ञात आहे. अभ्यासकाला मात्र त्याच्यामागे पळणारा एक्सलेब्रेशन अधिक उपयोगी पडतो. दोघे पाच वेळा भिडले. न्यूबरीला २०११ च्या वसंतात चार लेंग्थ, त्याच वर्षी अ‍ॅस्कटच्या क्वीन एलिझाबेथ स्टेक्समध्ये पुन्हा चार, २०१२ च्या लॉकिंजमध्ये पाच आणि जूनमध्ये क्वीन अ‍ॅनमध्ये अकरा. सेंट जेम्सेस पॅलेसमध्ये फ्रँकेल फार लवकर सुटला आणि अखेरीस जेमतेम पाऊण लेंग्थने वाचला. दुसरा झोफनी, एक्सलेब्रेशन तिसरा. क्वीन अ‍ॅनच्या अकरा लेंग्थ म्हणजे मैलाच्या भावाने बावीस पौंड. टाइमफॉर्महून वेगळ्या, अधिकृत जागतिक क्रमवारीने फ्रँकेलला १४० दिले, म्हणजे या हिशेबाने एक्सलेब्रेशन त्या दिवशी ११८ इतकाच धावला. हा घोडा त्याच हंगामात पुढे जाक ल मारवा आणि क्वीन एलिझाबेथ या शर्यती जिंकला, तेव्हा ११८ त्याला कमी आहे, आणि टाइमफॉर्मचा चढा आकडा समजण्याजोगा आहे. मात्र मोठ्या फरकाचा गुणाकार सरसकट करता येत नाही. विजेता हाताबाहेर गेला की मागचे जॉकी घोड्याला उगाच पिळत नाहीत, आणि फरकातला बराच भाग त्या सोडून देण्याचा असतो.

वेळेवरून मापन करणाऱ्यांचे म्हणणे इथे वजनदार ठरते. अमेरिकेतील बेलमाँटला ९ जून १९७३ रोजी दीड मैलाच्या शर्यतीत सेक्रेटेरियट ३१ लेंग्थने जिंकला. दीड मैलाच्या भावाने हे साडेशेहेचाळीस पौंड होतात आणि मागे राहिला होता ट्वाइस अ प्रिन्स हा सामान्य घोडा; या हिशेबातून काहीच निघत नाही. आरंभी त्याच्या बरोबरीने पळालेला शाम तर पाचांत शेवटचा आला. पण पहिले सहा फर्लाँग १ मिनिट ९.८ सेकंदांत कापूनही पूर्ण अंतराला २ मिनिटे २४ सेकंद, हे घड्याळ स्वतःच्या पायांवर उभे राहते. अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर सुरुवातीपासून वेग चढा असतो, म्हणून तिथे अँड्र्यू बेयरचे, वेळेवरून काढलेले वेगांक रुजले. युरोपातील हिरवळीवर संथ गती हा कायमचा अडसर आहे. पहिला मैल रेंगाळत गेला की चांगला आणि सामान्य घोडा अखेरच्या दोन फर्लाँगांत एकत्र येतात, फरक आक्रसतो, वेळही खोटी पडते. गणिताचा पदवीधर असलेल्या फिल बुलने (१९१०–८९) हॅलिफॅक्सला टाइमफॉर्म उभारताना दोन्ही साधने जवळ ठेवली : वेळेवरून घोडा निदान किती चांगला हे कळते, कमी वेळ न दिसल्याने तो वाईट ठरत नाही. हाच दृष्टिकोन सर्वांत सुरक्षित आहे.

ओली जमीन आणि प्रारंभस्थान यांचे परिणाम सर्वपरिचित आहेत. दोन वर्षांच्या घोड्यांचे आकडे तात्पुरतेच मानावेत.

ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्स यांचे संयुक्त वर्गीकरण १९७७ मध्ये सुरू झाले. आजची जागतिक क्रमवारी त्याचीच वाढ. जुन्या वर्षांचे आकडे नंतरच्यांपेक्षा सैल असल्याचे ठरवून जानेवारी २०१३ मध्ये ते खाली आणले गेले. त्यात डान्सिंग ब्रेव्ह १४१ वरून १३८ वर आला आणि फ्रँकेलचे १४० सर्वोच्च ठरले. पातळीचा सर्वसाधारण ढळ शोधणे योग्यच. पण डान्सिंग ब्रेव्हने १९८६ च्या आर्कमध्ये मागून येऊन बेरिंगला दीड लेंग्थने टाकले, आणि त्या रांगेत एप्समला त्याला हरवणारा शाहरस्तानीही होता. एका घोड्याचा आकडा त्याच्यासोबत धावलेल्यांच्या पुढच्या धावांवरून दुरुस्त करणे वेगळे, पंचवीस वर्षांनी सगळ्या पिढीची पट्टी सरकवणे वेगळे. टाइमफॉर्मने डान्सिंग ब्रेव्हचे आपले १४० गुण तसेच ठेवले आहेत.