ग्रॅनाइटच्या जन्माचा वाद

अठराव्या शतकात ग्रॅनाइट हा पृथ्वीवरचा सर्वांत जुना खडक मानला जाई. आदिम महासागरात साका बसावा तसा तो तयार झाला, असे जर्मनीत भूशास्त्रज्ञ वेर्नर शिकवत. १७८५ साली जेम्स हटन यांना स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्टच्या दरीत तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या दिसल्या. घुसणारा खडक आधीचा कसा असेल? तो नंतरचा होता, आणि घुसताना वितळलेला होता.

तरी एक अडचण उरली. पर्वतरांगांत ग्रॅनाइट शेकडो किलोमीटर पसरलेला असतो. एवढा शिलारस वर आला, तर तिथला मूळ खडक गेला कुठे? विसाव्या शतकात भूशास्त्रज्ञ एच. एच. रीड आणि त्यांच्या मताचे अभ्यासक म्हणत, बराचसा कुठेच गेला नाही. जागच्या जागी त्याचाच ग्रॅनाइट झाला. नॉर्मन बोवेन यांना हे पटत नव्हते. त्यांचे आणि टटल यांचे प्रयोग १९५८ मध्ये, बोवेन यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार पाण्याच्या दाबाखाली सर्वांत कमी तापमानाला, म्हणजे ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ज्या प्रमाणात वितळतात, त्याच प्रमाणाभोवती निसर्गातले बहुतेक ग्रॅनाइट जमतात. मला हा या इतिहासातला सर्वांत देखणा पुरावा वाटतो.

मग वितळले काय? १९७४ मध्ये चॅपल आणि व्हाइट यांनी ऑस्ट्रेलियातील लाखलन पट्ट्यातले ग्रॅनाइट दोन गटांत विभागले: अग्निजन्य खडक वितळून झालेले आणि गाळाचे खडक वितळून झालेले. खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम पाण्याबरोबर वाहून जातात आणि ॲल्युमिनियम चिकणमातीत मागे राहते. ती माती पुढे खोल गाडली जाऊन वितळली, तरी ही खूण पुसली जात नाही. म्हणून अशा ग्रॅनाइटमध्ये पांढरे अभ्रक, गार्नेट किंवा कॉर्डिएराइट ही ॲल्युमिनियम भरपूर असलेली खनिजे सापडतात.

हिमालयात दोन्ही नमुने भेटतात. लडाखचा ग्रॅनाइट पहिल्या गटातला; भारत आणि आशिया यांच्यामधल्या प्राचीन टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत असताना तो बनला. मनास्लू, शिवलिंग या शिखरांचा फिकट, टूर्मलीन या खनिजाचा ग्रॅनाइट मात्र गाळाच्या खडकांतून आलेला, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा, भारत आशियाला भिडल्यानंतरचा. त्यातले स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे ८७ आणि ८६ यांचे, गुणोत्तर ०.७४च्याही पुढे जाते, लडाखमध्ये ते ०.७०५च्या आसपास असते. हा फरक रुबिडियममुळे पडतो: जुन्या, मातकट खडकांत ते भरपूर असते आणि कोट्यवधी वर्षांत त्याचे स्ट्रॉन्शियम-८७ होत राहते.

लाखलनची विभागणीही पुढे तितकी स्वच्छ राहिली नाही. तिथल्या ‘अग्निजन्य’ गटातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांतही गाळ मिसळल्याची खूण आढळली.