पेल एलच्या पेल्यामागची चार दशकं

कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेवाडा या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर गाळण्याच्या कारखान्याच्या, बिअर चाखायला बसलात, तर पहिला पेला पेल एल या तांबूस-सोनेरी बिअरचाच घ्या. आज तिची चव कदाचित ओळखीची वाटेल. ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गी फळाच्या सालीसारखा वास, थोडा पाइनचा दर्प आणि जिभेवर रेंगाळणारा स्वच्छ कडूपणा हे सगळं आता जगभरच्या क्राफ्ट बिअरमध्ये, म्हणजे लहान ब्रुअऱ्यांच्या बिअरमध्ये, मिळतं. 1980 साली मात्र अमेरिकन माणसासाठी ही चव जवळपास नवीच होती.

दारूबंदीने (1920 ते 1933) तिथल्या ब्रुअऱ्यांचं कंबरडं मोडलं होतं. ज्या तगल्या त्यांना पुढे मोठ्या कंपन्यांनी गिळलं, आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या देशात शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या. बहुतेकांची बिअर एकाच वळणाची, म्हणजे फिकट, हलकी, बर्फगार प्यायची लागर. त्या काळात दोन माणसांनी वेगळी वाट धरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या डबघाईला आलेल्या अँकर ब्रुअरीत फ्रिट्झ मेटॅगने 1965 साली पैसे घातले आणि ती सावरली. सोनोमामध्ये जॅक मॅकऑलिफने 1976 साली न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी उभी केली. न्यू अल्बियन 1982 साली बंद पडली, पण थोड्या भांडवलात, जमवलेल्या सामानावर बिअर गाळता येते हे तिने दाखवून दिलं होतं.

ते पाहणाऱ्यांत चिकोचा केन ग्रॉसमन होता. सायकली दुरुस्त करणारा, हाताने काहीही जुळवू शकणारा हा तरुण 1976 पासून गावात घरगुती बिअरचं साहित्य विकत होता. गंमत अशी, की दारूबंदी उठताना घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र राहून गेली होती. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केली तेव्हा कुठे ती संघराज्याच्या कायद्यात बसली. अमेरिकन क्राफ्ट बिअरच्या इतिहासात त्या सहीला मी फार मोठं स्थान देतो. पुढच्या काळातले कितीतरी ब्रुअर आधी घरच्या स्वयंपाकघरात शिकले आहेत.

1979 साली ग्रॉसमन आणि त्याचा मित्र पॉल कमुसी यांनी ब्रुअरीची जुळवाजुळव सुरू केली. नवी यंत्रं परवडण्याचा प्रश्नच नव्हता. भंगारात आणि जुन्या बाजारात डेअरीच्या टाक्या मिळाल्या, बाटल्या भरायला सोडा कारखान्याचं जुनं यंत्र मिळालं. वेल्डिंग शिकून ग्रॉसमनने बरंचसं स्वतः जोडलं. नाव दिलं ते जवळच्या, त्याच्या आवडत्या डोंगररांगेचं. नोव्हेंबर 1980 मध्ये पहिला घाणा उकळला तो स्टाउटचा, म्हणजे काळ्या, दाट बिअरचा. पेल एल मात्र मनासारखी जमेना. एकेक खेप ओतून द्यावी लागली, आणि हातात पैसा नसताना. चव दर वेळी तीच आली पाहिजे, या हट्टापायी त्यांनी ते केलं. माझ्या मते या ब्रुअरीचं खरं भांडवल तिथे तयार झालं.

त्या चवीच्या मुळाशी कॅस्केड नावाचे हॉप्स आहेत. हॉप्स म्हणजे वेलीवर येणारे हिरवे, शंकूसारखे तुरे. बिअरचा कडूपणा आणि बराचसा वास त्यांचाच. कॅस्केड ही जात ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून 1972 साली बाहेर आली. हॉप्सवरच्या डाउनी रोगापुढे टिकाव धरणारं वाण हवं होतं. (आपल्या द्राक्षबागांना छळणाऱ्या डाउनीचाच तो भाऊबंद.) रोगासाठी केलेल्या या वाणाच्या अंगी लिंबूवर्गी फळांचा असा भरभरून वास निघाला, की अँकरने 1975च्या लिबर्टी एलमध्ये तो वापरला आणि सिएरा नेवाडाने पेल एलची ओळखच त्यावर उभी केली. मोठे व्यापारी इतक्या लहान गिऱ्हाइकाला दारात उभं करत नसत. ग्रॉसमन वॉशिंग्टन राज्यातल्या यकिमाला, हॉप्स पिकवणाऱ्या भागात जाऊन, ब्रुअरना नमुना म्हणून दाखवायचे हॉप्सचे गठ्ठे विकत आणायचा. भुकटी वा गोळ्यांऐवजी अख्खे तुरे वापरण्याची सवय ब्रुअरीने पुढेही जपली.

पुढचे पेले या मुळावरच वाढले. 1981 पासूनची सेलिब्रेशन हिवाळ्यात येते, त्या हंगामातले ताजे हॉप्स घेऊन. 2009च्या टॉर्पेडोसाठी ब्रुअरीने स्टीलचं एक नळकांडं घडवलं. त्यात अख्खे तुरे ठासायचे आणि थंड बिअर त्यांतून पुन्हापुन्हा फिरवायची, म्हणजे कडूपणा फारसा न वाढता वास उतरतो. 2018ची हेझी लिटल थिंग गढूळ आणि मऊ आहे, नव्या पिढीच्या आवडीची. ती वाईट नाही, पण तिच्यात मला चिको सापडत नाही.

ओळीच्या शेवटी बिगफूट ठेवा. 1983 साली आलेली ही बार्लीवाइन, म्हणजे वाइनसारखी कडक बिअर, अल्कोहोल 9.6 टक्के. पेल एलपेक्षा बरंच जास्त, म्हणून आधी घेतली तर बाकीच्यांची चव कळणार नाही. ताजी असते तेव्हा हॉप्स अंगावर येतात. काही वर्षं अंधारात ठेवली, की कडूपणा मागे सरतो आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) गूळ-मनुकांसारखा गोडवा पुढे येतो. म्हणून जाणकार दर वर्षीच्या दोन-चार बाटल्या बाजूला ठेवतात आणि एखाद्या संध्याकाळी वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या शेजारी शेजारी उघडतात.