वीतभर मुळांचं पीक आणि माळव्याचं हवामान

कांद्याची मुळं बारीक, फारशी न फुटणारी आणि बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत असतात. त्यामुळे पाण्याचा ताण असो वा अतिरेक, दोन्हीचा फटका लगेच बसतो.

माळव्यात इंदूरच्या आसपासची काळी जमीन पावसात फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं प्राणवायूवाचून गुदमरतात. आधी जुन्या पातीचे शेंडे पिवळे पडतात. त्यात दमट हवा टिकली की पीळ रोग येतो : पात वेडीवाकडी वळते, मान (कांदा आणि पात जोडणारा भाग) लांबते, कांदा पोसत नाही. फवारणी नंतरची, आधी पाण्याला वाट हवी. खरिपात सपाट वाफे नकोतच. १२० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच गादीवाफा, मध्ये ४५ सेंमीची सरी, रोपं १५ × १० सेंमीवर.

कांदा पोसायच्या काळात ताण पडला तर आकार लहान राहतो. वाफा आधी भेगाळू दिला आणि मग भरपूर पाणी सोडलं, तर जोडकांदे आणि फुटलेले कांदे वाढतात. ताणात पाण्याचा अंश घटून गंधकयुक्त द्रव्यं दाट होतात. पोह्यांवरचा कच्चा कांदा एखाद्या वर्षी जास्त झोंबतो, त्यामागे हेही कारण असू शकतं.

थंडीचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा कित्येकदा १० अंशांखाली जातो. कोवळ्या रोपाला त्याचं काही वाटत नाही. पण रोप पेन्सिलीएवढं जाड झालेलं असेल तर ८ ते १३ अंशांची सलग थंडी त्याला फुलायची सूचना देते आणि डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे निघतात. दांडा मोडून उपयोग नाही, आतला कठीण गाभा राहतोच. असा कांदा साठवणीच्या चाळीत न घालता आधी विकावा. रब्बीला साधारण सात आठवड्यांचंच रोप लावावं. फार जून रोप फुकट मिळालं तरी महागात पडतं.

मार्चनंतर उष्णता लवकर वाढली तर पीक घाईने पिकतं, कांदा बारीक राहतो. कोरड्या उन्हात फुलकिडेही वाढतात. पातीच्या बेचक्यात पाहावं, पांढुरके चट्टे ही त्यांची खूण.

काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडावं. निम्म्या माना पडल्या की काढावं, पातीसकट ३-४ दिवस शेतात सुकवावं, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यांवर येईल असं. मग २ ते २.५ सेंमी मान ठेवून पात कापावी. याच दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर माना ओल्याच राहतात आणि कूज तिथूनच आत शिरते. असा माल वेगळा काढून थेट मंडीत न्यावा.