प्रथिन कायनेज आणि वनस्पतींचा ताणप्रतिसाद

एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरील फॉस्फेट गट काढून तो एखाद्या प्रथिनावर बसवणाऱ्या विकरांना प्रथिन कायनेज म्हणतात. वनस्पतींत हा गट मुख्यतः सेरीन किंवा थ्रिओनीन या ॲमिनो आम्लांवर बसतो आणि त्या प्रथिनाचे कार्य सुरू होते, थांबते किंवा बदलते. फॉस्फटेज विकरे तोच गट पुन्हा उतरवतात. अवर्षण, क्षारता वा थंडी आली तरी वनस्पतीला जागा सोडता येत नाही. तिला पेशींचे कामकाजच बदलावे लागते, आणि या कामी कायनेज उपयोगी पडतात. ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या प्रयोगवनस्पतीत कायनेजांची सुमारे १,००० जनुके आहेत. मानवात ती ५०० च्या आसपास आहेत.

सर्वांत चांगली उलगडलेली यंत्रणा अवर्षणाची आहे. पाणी कमी पडले की ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. एसएनआरके२ गटातील कायनेज पेशीत आधीपासूनच हजर असतात, मात्र पीपी२सी फॉस्फटेजांनी त्यांना निष्क्रिय ठेवलेले असते. संप्रेरक ग्राहीला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, जोडले गेले की ग्राही या फॉस्फटेजांना अडवतो आणि कायनेज मोकळे होतात. हे ग्राही २००९ मध्ये ओळखले गेले आणि साखळीतला हरवलेला दुवा सापडला. नवे प्रथिन घडवण्याची वाट पाहावी लागत नसल्याने प्रतिसाद मिनिटांत मिळतो, आणि हेच या यंत्रणेचे खरे बळ आहे. पर्णरंध्राभोवतीच्या रक्षक पेशींतील ओएसटी१ हे एसएनआरके२ गटातील कायनेज स्लॅक१ हा ऋणायनमार्ग (ऋणभारित आयन बाहेर सोडणारी वाट) उघडते. ऋणायने, पोटॅशियम आणि त्यांच्यामागून पाणी बाहेर पडते आणि पर्णरंध्र मिटते. ओएसटी१ नसलेली उत्परिवर्तित रोपे बाष्पोत्सर्जन आवरू शकत नाहीत. त्यांची पाने अधिक थंड राहतात, आणि अवरक्त कॅमेऱ्याने ती नेमकी याच खुणेवरून वेचली गेली.

क्षारतेत कॅल्शियमची पातळी वाढल्याचे एसओएस३ हे प्रथिन ओळखते. ते एसओएस२ कायनेजला जागे करते, आणि हे कायनेज पेशीपटलावरील एसओएस१ वाहकाकरवी सोडियम बाहेर काढते. थंडीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे: थंडीला तोंड देणारी जनुके चालू करणाऱ्या आयसीई१ या एकाच प्रथिनाला ओएसटी१ टिकवते, तर एमपीके३ आणि एमपीके६ ही दुसरी कायनेज त्याला विघटनाकडे ढकलतात.

हे संरक्षण फुकट मिळत नाही. ताणाच्या काळात एसएनआरके२ कायनेज वाढीला चालना देणाऱ्या टॉर कायनेजला रोखतात; ताण नसताना टॉर उलट ॲबसिसिक आम्लाच्या ग्राहींना निष्प्रभ करते. शिवाय मिटलेल्या पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइडही पुरेसा आत येत नाही. त्यामुळे पिकांत ही कायनेज सरसकट अतिसक्रिय केल्यास रोप पाणी वाचवते, पण वाढ आणि उत्पादन घटण्याचा धोका राहतो.